गाठ नसलेल्या शिवणी

डोळ्यांत थेंब घातल्यावर आधी तळहातावरच्या रेषा विरघळल्या, मग खिडकीतला उजेड पसरत दुधाळ झाला. शिक्षिकाबाईंनी डोळे मिटून घेतले. दवाखान्याच्या बाकावर शेजारी एक शिंपीण आणि तिचा भाऊ बोलत होते. त्यांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे सावकाश येत होते.

“दादा, तुझी भाची आळशी नाही रे.”

“हेच तर मी सांगतोय! पण कापड कापायचं म्हटलं की तू तिच्या हाती कात्री देत नाहीस.”

“ऐक तरी. काल मी शिवलेला एक झगा इस्त्रीला घेतला. शिवण संपली की मी दोऱ्याला गाठ मारते ना? बोटांना गाठच लागेना.”

“विसरली असशील.”

“मग घडी घातलेले सगळे कपडे चाचपले. एकालाही गाठ नाही. गाठ न मारता टाके घालते ती फक्त तुझी भाची. नजर अधू झाल्यापासून वाकड्या जाणाऱ्या माझ्या शिवणी उसवून ती पहाटे नव्यानं घालते. म्हणून दुपारी झोपते, आणि मी तिला कुंभकर्ण म्हणायचे!”

“तुला बोलली नाही?”

“चकार शब्द नाही. विचारलं तर म्हणते, आई, बेतलंस तूच, मी नुसते टाके घातले.”

“आईवर गेली नाही म्हणायची. तू तर गावभर सांगितलं असतंस.”

“असतं खरं.”

“मग आता?”

शिक्षिकाबाईंच्या पापण्यांमागे तांबूस उजेड तरंगत राहिला.

“उद्यापासून कापड ती कापेल, दादा. मी बटणं लावीन.”