मणका रिटाबाईंचा, भाकरी फ्रान्सिसची

आईच्या मणक्याचं ऑपरेशन करायचं की नाही, यावर रचनाच्या घरात एकमत होईना. आईची फाइल घेऊन रचना वसईतल्या हाडांच्या दवाखान्यात बसली होती. शेजारी कमरेला पट्टा बांधलेल्या रिटाबाई आणि त्यांचे यजमान फ्रान्सिस यांची आधीच जुंपली होती.

“वाडीतला एवढा मोठा घड उचलायला तुला सांगितलं कोणी?”

“केळी खाताना नाही विचारलंत ते.”

“आता तरी ऐक. ऑपरेशन करून खचलेल्या मणक्यात सिमेंट भरलं की लगेच उभी राहशील.”

“सिमेंट भरायला मी काय गच्चीवरची टाकी आहे? आणि उभी कुठे राहू, ओट्यापुढे?”

“तुझ्या भल्याचंच बोलतोय मी.”

“तुमचं भलं रोज तव्यावर करपतंय, मला खाटेवर वास येतो.”

नंबर लागला, दोघं आत गेली. बाहेर येताना रिटाबाई पुढे होत्या, फ्रान्सिसचा हात न धरता. रचनाने पाय आवरून त्यांना वाट दिली.

“ऐकलंत ना? मणका आणखी खचलेला नाही, हाड जुळून आलंय. ऑपरेशनची गरज नाही!”

“जिंकलीस, बाई. म्हणजे उद्यापासून स्वयंपाक...”

“वाकायचं नाही, उचलायचं नाही, हेही डॉक्टरच म्हणाले. ते नाही ऐकू आलं?”

“अजून किती दिवस?”

“घाई कसली? आत्ता कुठे तुमची भाकरी गोल व्हायला लागलीय. आज जरा पातळ थापा.”