यादीतला नऊ नंबर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, माझी रजा एकदाही पहिल्या अर्जावर मंजूर न करणाऱ्या आमच्या मुख्याध्यापिकाबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, माझे सहकारी, पालकहो, आणि मागच्या रांगांत बसून ही बाई कधी संपवते याची वाट बघणाऱ्या माझ्या मुलींनो,

आज सव्वीस वर्षांनी निवृत्त होतेय, पण मला माइकची सवय नाही. माझा सगळा संसार शिट्टीवर चालला. आवाज मोठा वाटला तर खुशाल कानांवर हात ठेवा.

अध्यक्षांनी मघाशी मला ‘संघाची आई’ म्हटलं. साहेब, मुलींना विचारा. कुठली आई सकाळी सहाला पन्नास उड्या मारायला लावते? त्या मला पाठीमागे ‘भोंगा’ म्हणतात. ए, हसू नका, मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

मुलींना बास्केटबॉल शिकवण्यात अवघड काय, असं लोक विचारतात. नेम, उडी, चेंडू आपटत पळणं, हे सगळं सहा महिन्यांत येतं. वेळ लागतो तो ‘सॉरी’ बंद करायला. समोरची मुलगी धक्का मारून चेंडू हिसकावून नेते आणि आमची मुलगी तिलाच विचारते, ‘लागलं का गं?’ दुसरं दुखणं भांडणाचं. एका वर्षी दोघींचं कंपासपेटीवरून बिनसलं, आणि आमच्या उजव्या कोपऱ्यात आठवडाभर एकही पास गेला नाही. शेवटी ती कंपासपेटी मी जप्त केली. आणि पालक! एका आईने मला विचारलं, ‘मॅडम, खेळून हिचे खांदे रुंद तर नाही ना होणार?’ म्हटलं, ‘झाले तर घरातलं कपाट सरकवायला माणूस बोलवावा लागणार नाही.’

हॉल संध्याकाळी मुलांच्या संघाला, आम्हाला सकाळचा. छत दोन जागी गळायचं. तिथे बादल्या ठेवायच्या आणि त्यांना वळसे घालत खेळायचं. आमच्या मुली चकवा देण्यात पटाईत का, तर त्या बादल्यांमुळे.

आणि मिळालं काय? वर्गात हजेरी देतानाही जिचा आवाज निघत नसे, ती एक दिवस हॉलच्या त्या टोकाहून ओरडली, ‘मी मोकळी आहे! इकडे दे!’ जीवशास्त्राचे सर वरच्या मजल्यावरून धावत खाली आले, कुणाला काय झालं म्हणून. असं काही ऐकायला मिळालं की बाई महिनाभर हवेत असते. मी चांगली प्रशिक्षक होते. इथे नम्रपणे नाही म्हणायची पद्धत असते, पण मी होते.

म्हणूनच आता मानपत्राबद्दल बोलते. अक्षर सुंदर, भाषा त्याहून सुंदर. पण त्यातलं एक वाक्य खोटं आहे. लिहिणाऱ्या बाईंची चूक नाही, त्यांनी ऐकलं तेच लिहिलं. ‘शिस्तीसाठी त्यांनी आपल्या उत्तम खेळाडूलाही अंतिम सामन्यात बाकावर बसवले.’ सगळ्यांत जास्त टाळ्या तुम्ही याच वाक्याला दिल्यात.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आंतरशालेय अंतिम सामना. बारा मुली, शर्टांचे नंबर चार ते पंधरा. सामन्याआधी प्रशिक्षकाने खेळाडूंची यादी सही करून गुणलेखकाच्या टेबलावर द्यायची असते. एकदा दिली की दिली. यादीत नाव नाही, तर ती मुलगी खेळू शकत नाही. त्या दिवशी आमची बस उशिरा पोचली. मी धावत्या बसमध्ये गुडघ्यावर वही ठेवून यादी लिहिली आणि आठनंतर एकदम दहा लिहिला. परत वाचली नाही. सही मात्र झोकात केली.

तिसऱ्या सत्रात आम्ही मागे पडलो. अडीच्या वेळेसाठी राखून ठेवलेल्या माझ्या हुकमी मुलीला मी हाक मारली, ‘नऊ नंबर, चल!’ ती टेबलाशी गेली. गुणलेखकाने कागदावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि माझ्याकडे बघितलं. मला तिथेच कळलं. मी तिला परत बोलावलं आणि म्हटलं, ‘बस. आज नाही.’ ती जाऊन बाकाच्या टोकाला बसली.

आम्ही एका गुणाने जिंकलो. तो चषक बाहेर काचेच्या कपाटात आहे. सामना संपल्यावर तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी मला विचारलं, ‘नऊ नंबरला का नाही उतरवलंत?’ आणि मी, या हॉलमधली सगळ्यांत निर्भीड बाई, पटकन म्हणाले, ‘मंगळवारी सरावाला बारा मिनिटं उशिरा आली होती. नियम म्हणजे नियम.’ तिचे वडील तिथेच मागे उभे होते. ते शिंपी आहेत. मुलीचा खेळ पहिल्यांदा बघायला दुकान बंद करून, शेजाऱ्यांना घेऊन आले होते. सामनाभर शेजारी विचारत होते, ‘तुमची कधी उतरणार?’ आणि ते सांगत होते, ‘उतरेल आता.’

पुढची दोन वर्षं ती मुलगी रोज सगळ्यांच्या आधी हॉलच्या दाराशी उभी असायची. पुन्हा कधी उशीर नाही. लोक म्हणायचे, बाईंनी काय वळण लावलंय! आणि मी मान डोलवायचे. याची मला लाज वाटते. अकरा वर्षं वाटत आली आहे.

ती नऊ नंबर आज तिसऱ्या रांगेत वडिलांशेजारी बसली आहे. सोमवारपासून संघ तिच्या हाती जायचा आहे. तू माझ्या जागेवर येण्याआधी तुला हे कळायला हवं होतं. तुझं काही चुकलं नव्हतं गं. चूक माझी होती, खोटंही माझंच. आता संघ घ्यायचा की नाही, ते तू ठरव.

काय म्हणालात? नाही, तुम्ही बसा अध्यक्षसाहेब, तिचे वडील काहीतरी बोलताहेत. काका, माइक देऊ? नको? बरं, तुम्ही तिथूनच बोला.

मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मी सांगते. ते म्हणतात, त्या मंगळवारी तिला उशीर त्यांच्यामुळे झाला होता. गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायला त्यांनीच तिला सकाळी पाठवलं होतं. ते म्हणतात, ‘अकरा वर्षं मी समजतोय, पोरगी माझ्यामुळे बसली. म्हणून परत सामन्याला आलो नाही.’

हे मला माहीत नव्हतं, काका.

माइक जरा जवळ घेते.

काका, तुमच्यामुळे काहीही झालं नाही. या सगळ्यांसमोर सांगते, तुमच्यामुळे काहीही झालं नाही. मला माफ करा. आज नाही जमलं तर नका करू, मी याच गावात आहे, तुमच्या दुकानात येईन.

तू का उभी राहिलीस? मोठ्याने बोल, प्रशिक्षक होणार ना? ... ‘संघ घेते. पण मानपत्र दुरुस्त करून द्या.’ ऐकलंत, मानपत्र लिहिणाऱ्या बाई? खाडाखोड चालेल, पण करून द्या. मी दुरुस्त केलेलंच घरी नेणार.

आता आभार. संस्थेचे, शाळेचे, बादल्या रिकाम्या करणाऱ्या शिपाईमामांचे, पहाटे उठून डबे भरणाऱ्या सगळ्या घरांचे आणि माझ्या प्रत्येक मुलीचे मनापासून आभार. अशा वेळी वक्ते म्हणतात की अनवधानाने कुणाचं नाव राहून गेलं असेल तर उदार मनाने सांभाळून घ्यावं. मी तसं म्हणणार नाही. ज्याचं नाव माझ्याकडून राहिलं असेल त्याने आत्ता, इथेच उभं राहून मला सांगावं. मी थांबते.