चिंचेखालचा गोटा

नाई, तुमीच सांगा, वास येते का नाई? येते ना? सुकटीचा! मंग माह्या तोंडाकडे काऊन पाहून राह्यल्या, बाई? मी काय सुकट विकतो? मी आरिफ मनियार, तीन पिढ्यांपासून चामोर्शीच्या बाजारात चिंचेखाली बसून बांगड्या भरनारा मानूस... आन् आज बसलो कुठी? भागीरथाबाईच्या सुकटीशेजारी! तुमी पयले चिंचेखाली शोधलं असन मले, मालूम हाय. साऱ्याच शोधतेत. मंग कोनी तरी सांगते, नाकाच्या रस्त्यानं जा, भेटन आरिफ. आन् हे सारं कोनामुळं? बारा फुटामुळं!

बसा, सांगतो. पाच जनी हाय तुमी, लग्नाचा चुडा हाय, टाइम तं लागनारच.

चूक माहीच, खोटं काऊन बोलू? माही बायको शगुफ्ता बी.ए. होऊन आली घरात. दोन लेकरं झाली, पन वाचाची सवय काही गेली नाई. किराना बांधून आलेला कागदही वाचल्याशिवाय चुलीत घालाची नाई. एक दिवस म्हनते, "अजी, एम.ए. करू का? लोकप्रशासनात?" मी म्हनलं, कर! फॉर्मवर सही कोनाची? माही! मले वाटलं, लोकप्रशासन म्हन्जे तहसीलदार-कलेक्टरचं काही असन, पुढंमागं नोकरी लागन. पन त्यातनं निंघालं नगर नियोजन! म्हन्जे गावात रस्ता कुठून जावा, नाली कुठी काढावी, बाजार कुठी बसावा... आता मले सांगा, बाजार कुठी बसावा हे काय एम.ए. करून शिकाची गोष्ट हाय? बाजार बसते तिथी बसते!

दोन साल हिनं पोळ्या लाटता लाटता नोट्स पाठ केल्या. महिन्यातून एकडाव एसटीनं नागपूर, कॉलेज, आन् वापस. शेवटी प्रबंध लिहाची पाळी आली. विषय कोनता घेतला? दिल्ली घेतली? मुंबई घेतली? नाई! चामोर्शीचा आठवडी बाजार!

काऊन घेतला, तेही सांगतो. त्याच्या आदल्या साली बाजारात बिरजूच्या कापडाच्या पालाले आग लागली. गडचिरोलीवरून बंब आला, टनटन घंटी वाजवत आला, आन् बाजाराच्या तोंडाशी येऊन उभा राह्यला. आत शिरालेच जागा नाई! आमी बालट्यायनं पानी मारलं, पन बिरजूचं सारं कापड गेलं. थो मानूस चिंचेपाशी बसून हातातल्या जळक्या लुगड्याची घडी करत होता... घडी करत होता, मोडत होता. त्या दिवशी ही घरी जेवली नाई. तेव्हाच मले समजाले पायजे होतं का आता काही तरी होनार! पन मानसाले टाइमावर समजते का?

मंग हिनं टेप घेतला, बाजार मोजला, नकाशा काढला. बंब आत याले जागा किती पायजे? बारा फूट! बाजाराच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत सरळ रेघ मारली. आन् रेघ कुठून गेली? माह्या गोट्यावरून!

थो सपाट गोटा माह्या आजोबानं ठेवला चिंचेखाली. त्याच्यावर बाई बसते, समोर मी बसतो, हात हातात घेतो, बांगड्या भरतो. बायका बसून बसून गुळगुळीत झाला. माह्यापाशी जागेचा कागद नाई. थो गोटाच माहा कागद. आन् एका बाजूनं चिंच, दुसऱ्या बाजूनं विहीर, मधात मी. सरकू तं सरकू कुठी?

मी गोडीत समजावलं हिले. म्हनलं, "हे पाय, मी अडीचच्या हातात सव्वादोनची बांगडी चढवतो. अंगठा आत मुडपला, बोटं जुळवली, साबन लावला, गेली! तसा तुहा बंब माह्या गोट्याच्या बाजूनं उरलेल्या साडेनऊ फुटातून नाई का जात?"

तं म्हनते, "बंबाचा अंगठा मुडपत नाही."

मी साबनाची डबी बंद केली.

तिकडे नागपूरचे गाईडसाहेब, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज असा का दर शब्दामागं एक टाचनी लावून राह्यले: "कागदावर सगळेच रस्ते रुंद असतात, मॅडम. बाजाराच्या दिवशी मी स्वतः येतो. ही वाट एकदा तरी मोकळी करून दाखवा. नाहीतर प्रबंध परत." प्रबंध परत म्हन्जे एम.ए. परत! दोन सालाची एसटी, दोन सालाच्या पोळ्या, साऱ्यावर पानी!

मी मनात म्हनलं, सुटलो! एवढा बाजार आजपर्यंत कोनाच्या म्हनन्यानं हालला हाय? पन हिनं काय करावं? बांबू आनला. आपल्या जंगलात बांबूले काय तोटा? किती फुटाचा आनला? बारा फूट! एक टोक हिच्या हातात, दुसरं टोक आमच्या शेजारच्या मंगरू बैलबंडीवाल्याच्या हातात. आडवा धरला बांबू आन् निंघाले दोघं बाजारातून, मागं गाईडसाहेब बॅग छातीशी धरून. जिथी बांबू अडन तिथी म्हनाचं, "सरका, भाऊ!"

पयला अडला गुणवंतरावच्या कांद्यात. गुणवंतराव उसळला, "मी वीस सालापासून बसतो वो इथी!"

ही म्हनते, "बिरजूभाऊ तीस सालापासून बसत होते, काका."

थो मंग खाली पाहून म्हनते, "खरं हाय, बाई. पन पयले तुह्या नवऱ्याचा गोटा उठव. मंग माहे कांदे."

बस! साऱ्या बाजाराले तेच भेटलं. मिरचीवाला म्हनते, पयले गोटा! कुंभार म्हनते, पयले गोटा! ही भागीरथाबाई, आत्ता पाहा कशी गरीब होऊन बसली, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं वरडली, "होय वो माय, पयले गोटा!" कोनी हालाले तयार नाई. आन् थो बांबू डोक्यावर उचलून, सारा बाजार मागं घेऊन, सरळ माह्याकडे!

माह्या हातात एका म्हातारीचा हात. सात बांगड्या भरल्या, पाच बाकी. वर पाहतो तं ही उभी.   हिनं आपल्याकडचं बांबूचं टोक माह्या गोट्याले टेकवलं. आवाज जरा पन हालला नाई.

"अजी... उठा."

मी म्हनलं, "डझन तं होऊ दे!"

उभी राह्यली. पाचही बांगड्या होईपर्यंत बांबू धरून उभी राह्यली. ती म्हातारी बिचारी माह्याकडे पाहे, हिच्याकडे पाहे, आन् हात आखडू आखडू घे! मले राग आला, असा राग का सांगता सोय नाई. चारचौघात नवऱ्याले उठवते? आन् त्याच रागात, कोनाले सांगू नका, छाती पन फुगली. सरपंचाले जे जमलं नाई ते माही बायको करून राह्यली होती!

उठलो. चार मानसं लागली, लोखंडी सब्बल लावली, तेव्हा गोटा हालला. आन् खाली काय? काचाच काचा! साठ सालाच्या फुटक्या बांगड्या, माह्या बापाच्या हातच्या, आजोबाच्या हातच्या. त्यातला एक जांभळा रंग तं आता कुठीच भेटत नाई. माह्या डोळ्यात पानी आलं. हिच्याही आलं, पाह्यलं मी. पन बांबू सोडला का? नाव नका घेऊ!

मंग काय, गुणवंतरावनं सोताच्या हातानं कांदे उचलले. मिरची सरकली, मडकी सरकली. गाईडसाहेब या तोंडापासून त्या तोंडापर्यंत हात पसरून चालत गेले, आन् पयल्यांदा टाचनी न लावता बोलले, "वा!" सरपंचानं वाट पक्की केली, दोन्ही बाजूनं चुना मारला. आन् साऱ्या बाजारात बसाले मोकळी जागा उरली एकच. काऊन उरली, ते तुमचं नाकच सांगन!

ही फर्स्ट क्लास पास झाली. काळ्या कव्हरचा प्रबंध घरी आला, वर सोन्याची अक्षरं. मी म्हनलं, पाहू तं खरं, माहं नाव हाय का. नाव नाई! पान एकसष्टवर एक ओळ: "चिंचेखालील बांगडीविक्रेत्याने स्वखुशीने जागा रिकामी केली."

स्वखुशीने!

मी म्हनलं, "हे काय लिहिलं वो?"

तं शांतपने म्हनते, "मी उठा म्हटलं, तुम्ही उठलात. सरकारी भाषेत यालाच स्वखुशी म्हणतात."

दोन साल झाले, बंब काही आला नाई. आग लागली नाई, अल्लाची मेहेरबानी. पन थो बांबू अजून आमच्या दाराशी उभा हाय, आन् दर बाजारी ही एक चक्कर मारतेच. मी चार बोटं जरी पुढं सरकलो तरी... बारा फूट!

म्हून बसलो हाय इथी. स्वखुशीनं! चला बाई, आना हात. हा नाई, डावा आना... उजव्यानं नाक धरा.