वरच्या मजल्यावरचा समुद्र

...आणि वर म्हणती कशी, "सुकन्या, चार दिवस झाडांना तेवढं पाणी घाल हं, तू काय, इथंच आहेस!"

आता तुमीच सांगा, हे काय बोलणं झालं? इथंच आहेस! मी काय जिन्याखालचं लाईटचं मीटर हाय? हितंच हाय मी, कबूल, गेली सहा वर्सं हितंच हाय, पण ते असं किल्ली हातात देताना, डोक्यावर गॉगल चढवून सांगायचं का? तेबी सकाळी सहाला! सहाला कुणाच्या डोळ्यावर ऊन येतंय हो? पण जाऊ दे. जळत न्हाय हं मी. नुस्तं सांगतीय.

तर ही रेश्मा म्हणजे आमच्या बिल्डिंगीतली, पहिल्या मजल्यावरची. नवरा अमृतराव हायस्कुलात मास्तर, म्हणजे मे महिना अख्खा मोकळा, सासू रंभाबाई, दोन पोरं, दोन बेडरूम, एक ए.सी. आणि आमी खाली, मागच्या खोलीत. मी आणि माझी राजी. राजनंदिनी नाव हाय तिचं, सात वर्सांची, आता दुसरीला जाईल. राजीचा बाप? त्यो पाच वर्सांमागं पुण्याला गेला. "सेटल होतो आणि तुमाला बोलावतो," म्हणला. सेटल झाला. बोलवायचं तेवढं राहिलं.

बरं, मी काम करती युनिफॉर्मच्या कारखान्यात. कॉलर शिवती. फक्त कॉलर. शर्टाचा बाकीचा भाग कसा असतोय ते मला इचारू नका, मी गळ्याच्या खाली गेलेच न्हाय कधी! आणि ह्या धंद्याची गंमत बघा, पोरांच्या शाळेला सुट्टी लागली की आमचा सीझन, आणि शाळा उघडली की आमी मोकळे. मोकळे होऊन काय करू? पोरगी शाळेत! तरी मी मालकाला इचारलं बरं का. आमचे मल्लप्पा मालक, माणूस वाईट न्हाय. मी म्हणलं, "मालक, चार दिवस सुट्टी पायजे, पोरीला समुद्र दावायचाय." तर ते असे चष्म्याच्या वरनं बघत्यात, "मे मध्ये? सुकन्या, तू सुट्टीवर गेलीस तर पोरं बिनकॉलरची शाळेला जातील की गं!" अख्ख्या पोरांच्या इज्जतीचा प्रश्न!

आणि मला तरी काय पायजे हुतं, लई न्हाय. एक म्हणजे, नऊ वाजेपर्यंत झोप. दुसरं, कुणीतरी दुसऱ्यानं केलेला चहा, आणि त्यो गरम असताना प्यायला मिळावा. झालं. संपली माझी यादी. आणि राजीला समुद्र. का, तर बाईंनी वर्गात इचारलं, "समुद्र कुणी कुणी पाहिलाय, हात वर करा," आणि हिनं केला वर! घरी येऊन मला काय म्हणती, "मम्मी, मी हात वर केला. आता मला बघायलाच लागणार."

अशात ही रेश्मा निघाली कोकणात. गुरुवारी सकाळी. आणि गाडी बिल्डिंगीच्या बाहेर पडती न पडती तोवर ह्याच्यावर, मोबाईलवर, स्टेटस सुरू! पहिला फोटो बॅगेचा. बॅगेचा फोटो कोण टाकतं हो? आमी बॅग बघितली न्हाय का कधी? मग धाब्यावरचा पराठा. मग घाट. मग अमृतराव घाटाकडं बघताना. मग संध्याकाळी समुद्र... आणि मी हितं खाली सोलापूरच्या त्रेचाळीस डिग्रीत, पंख्याची गरम हवा अंगावर घेत एकेक फोटो बोटानं मोठा करून बघतीय. मोठा का करतीय? जळत न्हाय हं. पराठ्यावर लोणी किती घातलंय, एवढंच बघायचं हुतं.

तर गुरुवारी कामावरनं आल्यावर गेले वर, झाडांना पाणी घालायला. पाठीमागनं राजी. दार उघडलं, चप्पल काढली, फरशीवर पाय टाकला आणि... अहाहा! थंडगार! ए.सी. बंद, बरं का, मी बटणाला हात लावला न्हाय, नुस्ती फरशी, उन्हाची बाजू न्हाय ना त्यांची. राजीनं काय केलं, सरळ पालथी पडली. गाल फरशीला टेकवून म्हणती, "मम्मी, ये की, हितं लई भारी हाय." म्हणलं, ऊठ, दुसऱ्याचं घर हाय. म्हणती, "घर दुसऱ्याचं हाय, फरशी काय करती?" आता पोरगी अशी वकिलासारखी बोलल्यावर मी म्हणलं, पाच मिनटं. फक्त पाच मिनटं पाठ टेकती. ...तास झाला! एक तास मी त्या फरशीवर अशी झोपले, अशी झोपले, की मंगळवेढ्याला माहेरीबी झोपले न्हाय कधी. उठले, झाडांना पाणी घातलं, दाराला कुलूप लावलं, आणि चोरासारख्या खाली आलो दोघी.

आणि शुक्रवारी मी कारखान्यातनं आले तर राजी दारातच उभी. केस विंचरून, नवा फ्रॉक घालून. "मम्मी, आजपण फिरायला जायचं का?"

"कुटं गं?"

"वरती."

...वरती. रेश्माची पोरं साडेतीनशे किलोमीटर गेल्यात फिरायला, आणि माझी पोरगी बावीस पायऱ्या. तवा मात्र... तवा जळले मी. हा, आता खरं सांगितलं. एकदाच. परत इचारू नका.

आणि म्हणलं, बास! जायचं तर नीट जायचं! रविवारी आमचा अर्धा दिवस असतोय, रविवारी ट्रिप! राजीला म्हणलं, भर बॅग. तिनं भरली की! टॉवेल, कंगवा, चिवड्याची पुडी, शेंगाचटणीची डबी, माझी एक साडी, "मम्मी, मुक्काम पडला तर?" कुलूप लावलं आमच्या खोलीला. शेजारच्या सुंदरम्मा दारात भाजी निवडत बसलेल्या. "कुटं निघाला ग मायलेकी?" राजी म्हणती, "कोकणात!" आणि लागली जिना चढायला. सुंदरम्मा बघतच हाईत.

आणि जिन्यात राजी कंडक्टर! प्रत्येक पायरीला गाव. "चला, मंगळवेढा, मंगळवेढा, उतरणारे कोण हाय का?" मला म्हणती, "ओ बाई, मधी उभारू नका, पुढं सरका!" अहो, अख्ख्या जिन्यात मी एकटी प्याशिंजर, सरकू कुटं? पण सरकले. वळणावर तर तिनं घाट केला, म्हणती आता ओकारी काढायची. म्हणलं, काढली समज, चल.

पोचलो. आता समुद्र. रेश्माच्या पोरांचा एक हवा भरायचा टब हाय, निळा, न्हाणीघरात भिंतीला लावलेला. त्यो फुगवला मी, फुगवून फुगवून माझ्याच डोळ्यापुढं तारे आले. आणि भरलं पाणी. आता तुमी सोलापूरचे असाल तर हितं तुमच्या छातीत धस्स झालं असंल. टब भरून पाणी! जितं चार-चार, पाच-पाच दिवसाआड नळ येतोय, जितं आमी भांडी धुतलेलं पाणी कुंडीला घालतो, तितं दुसऱ्याच्या टाकीतलं, टब भरून! मला काय कळत नव्हतं का? सगळं कळत हुतं. पण राजी अशी टाचा उंच करून बघत हुती...

बसली ती पाण्यात. हात मारून बघितला, तोंडाला लावला, आणि तोंड वाकडं. "मम्मी, हे खारट न्हाय." म्हणलं, न्हाय गं, बाळा. "मग हा समुद्र न्हाय." आणि उठली, ओल्या पायानं सैपाकघरात गेली आणि मी "अगं, अगं" म्हणूस्तोवर रेश्माची मिठाची बरणी, अख्खी बरणी, टबात उलटी! चाखलं. "आता हाय," म्हणली.

मीबी साडी वर धरून पाय सोडले त्यात. काय सांगू तुमाला... गार पाणी, घोट्यापर्यंत. राजी इचारती, "खऱ्या समुद्राला एवढंच पाणी असतंय का?" म्हणलं, थोडं जास्त. "मग तितं नळ रोज येतोय काय?"

हसले, लई हसले, आणि त्या हसण्याच्या भरात मला दुर्बुद्धी सुचली. मोबाईल काढला, आमच्या चार पायांचा फोटो घेतला, निळं निळं पाणी, आणि टाकला स्टेटसला. वर लिहिलं, 'समुद्र! मी आणि माझी राजी.' म्हणलं, बघू दे की रेश्माला! कळू दे, आमी हितंच नसतो म्हणून!

पाच मिनटात फोन. कुणाचा? माझ्या आईचा, मंगळवेढ्यास्नं. "अगं सुकन्या! समुद्राला गेलीस आणि आईला सांगितलं न्हाईस? पोरीचा हात सोडू नकोस गं, लाटा वाईट असत्यात!" आता आईला काय सांगू, लाट राजीच मारतीय म्हणून? म्हणलं, व्हय, धरलाय हात. ठेवला फोन, तर मल्लप्पा मालक! "सुकन्या, सकाळी तर तू कॉलर लावत हुतीस!" म्हणलं, मालक, जवळच हाय. "सोलापूरच्या जवळ?" मला वाटतं अजून नकाशात शोधत्यात.

आणि तिसरा फोन... रेश्मा.

"सुकन्या," म्हणती, "तो फोटो मोठा करून बघितला मी."

माझं तर पाणी पाणी. म्हणजे पाण्यातच हुते, पण आतनंबी.

"समुद्राच्या मागं गीझर आहे माझा. आणि टाईल्सवरचा मासा. त्या टाईल्स मी स्वतः निवडल्यात, सुकन्या."

गेलं! सगळं गेलं! सहा वर्सांचा शेजार, कधी दूध उसनं घ्यायचं, राजीला ताप आला तवा हिच्याच गाडीवरनं दवाखान्यात गेलते, सगळं एका फोटोपायी घालवलं मी! म्हणलं, रेश्माताई, चुकले, पाणी भरून देते, मीठ आणून देते, ए.सी.ला हात लावला न्हाय, पोरीची शपथ... तर तिकडनं नाक ओढल्यासारखं. रडतीय?

"हळू बोल," म्हणती, "मी हॉटेलच्या बाथरूममधनं बोलते. इथंच तेवढं दार लावता येतं." आणि मग जी सुटली! "चार दिवस झाले, सुकन्या, सासूबाईंना हॉटेलचा चहा चालत नाही, म्हणून छोटी शेगडी आणलीय, दिवसातनं सहादा चहा! पोरं घाटात ओकली, दोन्ही माझ्या अंगावर. ह्यांना चटणी चुकीची आणली म्हणून राग. आणि बीचवर सगळे पाण्यात, आणि मी वाळूत, चपला आणि मोबाईल राखत! चार दिवस! माझा पाय समुद्राला लागला नाही गं... आणि तू माझ्या न्हाणीत पाय सोडून बसलीस."

"आणि ते फोटो, रेश्माताई? हसताना?"

"कुणी काढले माझे फोटो? नीट बघ. एकात तरी मी आहे का?"

...बघितले मी. सगळे परत बघितले. पराठा हाय, घाट हाय, अमृतराव हाईत, रंभाबाई हाईत, पोरं हाईत. बॅगसुद्धा हाय! रेश्मा न्हाय.

आता तुमाला वाटंल, मला बरं वाटलं. खोटं! मला लई राग आला! अहो, चार दिवस मी एवढं मन लावून जळले... हा, जळले, म्हणून टाकते आता... पराठ्यापासनं समुद्रापर्यंत एकेक गोष्टीवर मनापासनं जळले, आणि ही बाई म्हणती त्यातलं काहीच तिच्या वाट्याला आलं न्हाय! मग मी जळले कशावर? माणसानं निदान ज्याच्यावर लोक जळत्यात ते नीट उपभोगावं की न्हाय? जबाबदारी असती ती!

तरी वर काय म्हणती, "ए.सी. लाव. निदान कोणीतरी सुखात झोपा."

लावला. तिच्या आज्ञेनं. राजी गारठून माझ्या कुशीत शिरली, म्हणली, "मम्मी, आता मी खरंच हात वर केला तर चालतंय ना?" म्हणलं, चालतंय. सांग बाईंना, खारट हुता.

सोमवारी आली रेश्मा. भांडली न्हाय, मीठ मागितलं न्हाय. पण पुढच्या रविवारी, मी दुपारी कामावरनं येऊन जरा टेकतीय तोवर दारात उभी. हातात पिशवी, त्यात उशी. "सुकन्या, सासूबाईंना सांगितलंय, शिवण शिकायला चालले म्हणून. वर मला दर पाच मिनिटाला कुणीतरी हाक मारतं. दोन तास पडू दे इथं." अहो, हितं? माझ्या गरम पंख्याखाली? तर आडवी झाली आणि घोरायलाच लागली! तवापासनं दर रविवारी येती. उठली की आळस देती आणि म्हणती, "अहाहा, चहा टाक गं, दुसऱ्यानं केलेला चहा म्हणजे..." आणि मी टाकते. गरम गरम. तिला.

परवा राजी माझ्या कानाशी आली. "मम्मी, मावशी फिरायला आपल्या घरी येती, मग आपण कुटं जायाचं?"

म्हणलं, हळू बोल बाळा. हॉटेलात पाव्हणे झोपल्यात.