न काढलेली पिन

शपथ घालता कशाला, मी आपणहून घेतो — या दुकानातल्या एकूण एक कर्ण्याची शपथ, यातलं अक्षरही खोटं नाही. म्हणजे उंदराचं तेवढं सोडा. उंदरानं वायर कुरतडली हे मी मघाशी तुम्हाला दारात बघून घाईघाईत बोलून गेलो. उंदीर नव्हता. बाकी सगळं खरं. बसा ना साहेब, चहा निवतोय. तुमचे ते दोघं गाडीपाशी उन्हात कशाला उभे, बोलवा त्यांनाही — नको? बरं. शटर अर्धं ओढलंत ते एक बरं केलंत, या वेळेला तिरीप थेट माझ्या डोळ्यांवर येते. गिऱ्हाईक आलंच तर वाकून येईल.

तर पिन. तुम्हाला पिनेचंच ऐकायचंय ना — नेत्यांच्या ऑफिसातून माणूस उठून माझ्या खुराड्यात येतो तो काय भाड्यानं माइक न्यायला? त्या दिवशी सकाळची सभा सूतगिरणीच्या फाटकापाशी. मालकांनी वीज दिली नाही, म्हणून आमचा अ‍ॅम्प्लिफायर ठेवला रस्त्यापलीकडच्या हॉलमध्ये, आणि तिथून वायर टाकून कर्णे चढवले फाटकावर. नेते काय बोलले! तुम्हाला पाठच असेल, तुम्हीच लिहून दिलं असेल म्हणा. बाहेरचं स्वस्त सूत या देशात येऊ देणार नाही, बंदरात अडवीन, दुप्पट कर लावीन. आणि मजुरी? मजुरी वाढल्याशिवाय मी खुर्चीत बसणार नाही. मी चाळीस सभा वाजवल्या असतील — बरं, तीस असतील — पण टाळ्यांनी कर्णा थरथरताना त्या दिवशी पाहिला. बायका रडत होत्या. एक म्हातारी नेत्यांचा धरलेला हात सोडेचना.

आणि संध्याकाळी त्याच हॉलमध्ये मालकांचं जेवण. आयातवाले, बंदरवाले, सगळे कडक इस्त्रीचे. अ‍ॅम्प्लिफायर तोच, माइक तोच. आता आमच्या धंद्याची रीत अशी की एका जागी दोन कार्यक्रम असले की वायर काढायची नाही, कोण पुन्हा खांबांवर चढणार — नुसती बाहेरच्या कर्ण्यांची पिन उपसायची. एवढंच काम. आणि ते काम माझ्या मेहुण्याचं. बायकोचा धाकटा भाऊ. दिवे गेले तर अजून बहिणीला हाक मारतो, असा वाघ. त्याला आला स्वयंपाकाचा वास, आणि पिन राहिली जागच्या जागी. तो मागच्या बाजूला आचाऱ्यापाशी पान घेऊन बसला, मी बाहेर गाडीत दोरखंड भरत होतो, आणि इकडे नेते उभे राहिले बोलायला.

ते काय बोलले ते मी सांगायला नको. तरी सांगतो. खुला व्यापार ही काळाची गरज. सूत जिथं स्वस्त तिथून येऊ द्या, सरकारनं दारात काठी घेऊन बसू नये. मजुरी बाजार ठरवेल, फाटकावरची गर्दी नव्हे. मग कुणीतरी विचारलं, सकाळी तर तुम्ही — तर म्हणाले, सकाळचं सकाळी. चार महिने गिरणी बंद ठेवा, आरडाओरडा करतील, मग निम्म्या पगारावर आपल्या पायांनी आत येतील. त्यावर हसू, आणि वाट्यांवर चमचे वाजले. ते चमचे, साहेब, फाटकावर ऐकू आले. पाळी सुटत होती. डबे हातात घेऊन सगळे तिथंच उभे. कुणी ओरडलं नाही, दगड उचलला नाही. मी गाडीपाशी होतो, मला वाटलं आता हे रस्ता ओलांडून येतात. नाही आले. शेवटचा शब्द संपेपर्यंत ऐकलं आणि गुपचूप घरी गेले. मला त्याचीच भीती वाटली. दुसऱ्या दिवशी कामावर कुणीच गेलं नाही, एक चाक फिरलं नाही, गिरणी आजही बंदच आहे, ते तुम्ही जाणता.

एवढंच झालं. पोट आणि पिन. पण लोक विचारायला लागले हो — चहावर, सलूनमध्ये, तुझ्याच कर्ण्यातून ना रे, कसं काय झालं? आता पिन विसरली यात सांगण्यासारखं काय आहे? ऐकणारा दुसरा चहा सांगत नाही. म्हणून मी थोडं — माझी जीभच तशी, बायको म्हणते तुम्ही मीठ आणायला गेलात तरी येताना समुद्र घेऊन येता. मी सांगितलं की मेहुण्यानं पिनेवर हात ठेवला होता. ठेवला, आणि काढून घेतला. वर आवाजाचं बटण टोकाला नेलं आणि म्हणाला, सकाळी ज्यांनी टाळ्या दिल्या त्यांचा हक्क आहे ऐकायचा. चांगलं जमलंय ना वाक्य? तेच फिरतंय गावभर. आता तो रस्त्यानं निघाला की गिरणीतली माणसं ओट्यावरून उठून उभी राहतात. चालच बदलली त्याची. फाटकावर बोलायला बोलावतात त्याला, आणि हा जातो. म्हणजे जायचा. आता कुठला, तो गेला बाहेरगावी, कामाला, केव्हाच गेला. पत्ता? पत्ता नाही दिला त्यानं. आज सकाळीच मला म्हणतो, भावोजी, तुमच्यामुळे मला माझं तोंड सापडलं —

सकाळी म्हणजे फोनवर.

चहा राहू द्या, नका घेऊ. ऐका तरी. मी खोटारडा आहे, गावात कुणालाही विचारा, म्हणून तर सांगतोय — खोटं कोणतं ते ज्यानं रचलं त्यालाच ठाऊक ना? हात ठेवला हे खोटं. बटण खोटं. हक्काचं वाक्य माझं, न्हाव्याच्या खुर्चीत सुचलं मला. खरं एवढंच की तो जेवत होता, गोड दुसऱ्यांदा मागून घेत होता. आचाऱ्याला विचारा. असल्या माणसाला घेऊन जाऊन तुम्हाला काय मिळणार? बाहेर पडायचं दार इकडे आहे साहेब. तो पडदा घराचा, आत बायको आहे, एकटी —

तू कशाला बाहेर आलास? आत जा. तुझी ताई कुठाय, तिनं सोडलं कसं तुला? गप. एक शब्द बोलू नकोस. ऐकलंत साहेब, हात ठेवला म्हणतोय, काढून घेतला म्हणतोय, माझंच बोलतोय, पोपट आहे हो नुसता, जेवत होतास ना रे, सांग ना त्यांना, गोड काय होतं ते सांग —

काय म्हणालास?

नाही साहेब. ‘पुन्हा माइक हातात आला तर पुन्हा ऐकवीन’ — हे त्याचं, हे मी नाही रचलेलं.