घासून चकचकीत केलेली होडी

समारंभाचे अध्यक्ष, संचालक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या बाई आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

बाईंच्या हाताखाली माझी उभी हयात गेली, म्हणून बोलण्याचा मान मला मिळाला. बाई करायच्या काय? केसाहून कितीतरी बारीक धागा काढायचा, त्याला धातूच्या ऑक्साइडचा लेप द्यायचा आणि भट्टीत आतला धागा जाळून टाकायचा. उरते पोकळ नळी. घाईने तापवलं की नळ्या कोसळतात. आम्ही घाई केली की बाई म्हणायच्या, भट्टी काही पळून जात नाही. खरंच, ती पळाली नाही. विभाग बंद करायचं ठरलं आणि ती विकली गेली.

या नळ्यांना विषारी वायू माणसाआधी कळतो. बाईंना त्या कशाला हव्या होत्या? त्यांचा धाकटा भाऊ कारखान्याची टाकी साफ करायला उतरला, तो वर आलाच नाही.

वर्षानुवर्षं नळ्या फुटत राहिल्या. शेवटच्या घाण्यात मात्र अखंड उतरल्या. बाईंनी चिमूटभर तपासल्या. वायूचा अंश सोडला तरी मापकाचा काटा हलला. बाकीच्या नळ्या भट्टीतल्या चिनी मातीच्या भांड्यातच ठेवल्या. आम्ही त्याला होडी म्हणतो.

स्वागत समितीला वाटलं, बाईंना आठवण द्यायला याहून चांगलं काय? त्यांनी आतली राख झटकली, होडी घासून चकचकीत केली, काचेच्या पेटीत बसवली. ती पाहा, अध्यक्षांसमोर. रागवायचं तरी कोणावर? नळ्या दिसतातच राखेसारख्या.

सकाळी मी बाईंना सांगितलं. भट्टीच्या रिकाम्या जागेकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "पोरांनी हौसेने केलंय रे. भाषणात काढू नकोस."

बाई, मला राहवलं नाही. टाक्यांत माणसं उद्याही उतरणार आहेत, आणि त्यांच्याआधी खाली सोडायला आपल्याकडे आता काही नाही.

आयोजकांचे आणि समितीचेही मनापासून आभार. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्या. अध्यक्षांनी आता ही भेट बाईंच्या हाती द्यावी. सांभाळून धरा, असं मी म्हणणार नाही. आत सांडण्यासारखं काही उरलेलं नाही.