सुनेचं दुखणं

ते एकोणीसशे एकोणऐंशी साल. मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मास्तरीणबाई नंबर यायची वाट बघत होत्या. शेजारी गल्लीतलीच एक सासू आणि तिची सून.

"डॉक्टरांशी मी बोलेन. तू नुसती मान हलव."

"पण आई, जिना चढताना छातीत कळ येते, ते?"

"ते नाही काढायचं. अंगचोर म्हणतील."

"आडवं झालं की धाप लागते हो."

"आम्ही धापा टाकतच चार पोरं वाढवली. अशक्तपणा सांगायचा, टॉनिक घ्यायचं, निघायचं."

"त्यांनी मलाच विचारलं तर?"

"माझ्यासमोर?"

आत गेलेल्या दोघी लगेच बाहेर आल्या. सासूच्या हातात टॉनिकची चिठ्ठी होती.

सून त्याच वर्षी गेली. मुलाचं दुसरं लग्न झालं. डॉक्टरांचं नाव आणखी मोठं झालं. सासू भेटेल त्याला, मास्तरीणबाईंनासुद्धा, सांगायची, "पोरगी कधी तोंडाने बोललीच नाही हो!"